माळ सारखी तुटते, करायचं सोडून देऊ का?

पत्र:

ताई, दोन वर्षं झाली, मी घरी मण्यांचे दागिने करतेय. व्हिडिओ बघून शिकले, क्लास वगैरे काही केला नाही. अजून काही विकलेलं नाही, सगळं घरच्यांना आणि मैत्रिणींना दिलं. पण गेल्या काही महिन्यांत दिलेल्यातल्या चार वस्तू परत आल्या. मैत्रिणीचं इलॅस्टिकचं ब्रेसलेट ऑफिसात मीटिंग चालू असताना तुटलं आणि सगळे मणी टेबलाखाली. तिचं मनगट १६ सेंटिमीटर होतं म्हणून मी ८ मिलिमीटरचे खड्याचे मणी मोजून २० घातले होते, गाठीवर इन्स्टंट ग्लू पण टाकला होता. आत्यासाठी ६० मोत्यांची माळ केली (काचेचे मोती, ६ मिलिमीटर), शिवणाचा दोरा डबल घेऊन ओवली, ती रस्त्यात तुटली आणि घरी आले फक्त ४१. मावशीला दिलेल्या कानातल्यांनी तिचे कान लाल होऊन खाजायला लागले. आणि बहिणीच्या ब्रेसलेटमधले बारीक सोनेरी मणी महिन्याभरात राखाडी पडले. कोणी रागावलं नाही पण वहिनी म्हणाली, "अगं रेडिमेड आणत जा ना, कशाला एवढे डोळे फोडतेस." तेव्हापासून मण्यांचा डबा पलंगाखाली ढकललाय. बहीण मात्र म्हणते आता विकायला लाग. खरं सांगा, माझ्या हातातच दोष आहे का? सोडून देऊ का?

तुमची,
मणी सांडलेली

उत्तर:

अगं, सोडू नकोस. हे आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं सगळं निवांत वाचशील. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना कागद-पेन घेऊन बसले, कारण तू मापं लिहिलीयेस, आणि ज्या बाईला मनगटाचं माप, मण्याचं माप, किती मणी घातले, किती परत आले हे सगळं आकड्यानिशी लक्षात आहे तिच्या हातात दोष आहे असं मी तरी मानणार नाही. चार वस्तू चार वेगवेगळ्या कारणांनी गेल्यात आणि चारही कारणं तुझ्याच पत्रात सापडतात. फक्त व्हिडिओत ती दिसत नाहीत, कारण तिथे सगळा वेळ रंग आणि डिझाईन दाखवण्यात जातो आणि दोरा, भोक, गाठ, कडी हे शेवटच्या अर्ध्या मिनिटात उरकतात. आपला दागिना टिकतो तो नेमका त्या अर्ध्या मिनिटावर.

आधी मैत्रिणीचं ब्रेसलेट घेऊ, कारण त्यात एक हिशोब आहे जो भल्याभल्यांचा चुकतो. तू १६ सेंटिमीटरच्या मनगटाला ८ मिलिमीटरचे २० मणी घातलेस, २० गुणिले ८ म्हणजे १६० मिलिमीटर, वरवर बघितलं तर अगदी बरोबर. पण दोरा मण्याच्या मधून जातो ना, मनगटाला चिकटून नाही जात. मनगट आणि दोरा यांच्यामध्ये सगळीकडून अर्धा मणी आहे. त्यामुळे दोऱ्याचं वर्तुळ मनगटापेक्षा मोठं असतं, आणि किती मोठं तर मण्याच्या जाडीच्या ३.१४ पट. ८ मिलिमीटरच्या मण्याला ते होतं साधारण २५ मिलिमीटर, म्हणजे अडीच सेंटिमीटर! मग १६ अधिक अडीच, साडेअठरा सेंटिमीटरचा सर हवा होता, म्हणजे २३ मणी, थोडं सैल आवडत असेल तर २४. तू २० घातलेस त्यामुळे ते इलॅस्टिक तिने घातल्यापासून काढेपर्यंत सतत अडीच सेंटिमीटर ताणलेलं राहायचं. तिला विचारून बघ, घातल्यावर मण्यांमध्ये फटी दिसायच्या का, आणि संध्याकाळी मनगटावर वळ उठायचे का. मला वाटतं हो म्हणेल. बारीक मण्यांना हा प्रश्न जाणवत नाही, २ मिलिमीटरच्या मण्याला जेमतेम ६ मिलिमीटर वाढतात, म्हणून तुझी बारीक मण्यांची ब्रेसलेट बरोबर बसली असतील आणि हेच नेमकं का तुटलं ते कळलं नसेल.

आता ग्लू. इन्स्टंट ग्लू वाळला की काचेसारखा कडक होतो, आणि इलॅस्टिकचं काम ताणण्याचं. मग गाठीजवळचा भाग कडक आणि त्याच्या शेजारचा लवचिक असं होऊन बसतं आणि तुटतं ते बरोबर त्या दोघांच्या सीमेवर. तुटलेल्या इलॅस्टिकचा तुकडा अजून असेल तर बघ, गाठ शाबूत असेल आणि तिच्या अगदी लगत तुटलं असेल. दागिन्यांसाठी वाळल्यावरही मऊ राहणारा ग्लू मिळतो तो थेंबभर घे, आणि खरा भरवसा गाठीवर ठेव. सर्जन्स नॉट म्हणतात तिला. साध्या गाठीत दोरा एकदा फिरवतो तिथे दोनदा फिरवायचा, ओढून घट्ट बसवायचा, मग त्यावर उलट्या दिशेने एक साधी गाठ. टोकं अगदी मुळाशी कापू नकोस, २-३ मिलिमीटर ठेव आणि गाठ हलकेच शेजारच्या मण्याच्या भोकात ओढून घे. आणि हो, ओवण्याआधी इलॅस्टिक हातात धरून चार-पाच वेळा चांगलं ताणून घ्यायचं, नाहीतर जे ताणायचं ते आठवड्याभरात घातल्या घातल्या ताणतं आणि ब्रेसलेट लोंबायला लागतं. ८ मिलिमीटरच्या मण्यांना ०.७ किंवा ०.८ मिलिमीटरचं इलॅस्टिक घे, भोकात मावत असेल तर दुहेरी.

अजून एक संशय आहे मला. खड्याच्या मण्यांना दोन्ही बाजूंनी भोक पाडत आणतात, त्यामुळे आत कधीकधी दोन भोकं नीट जुळत नाहीत, पायरी राहते, आणि बाहेरची कडही धारदार असते. सुती दोरा मण्यातून पाच-सहा वेळा मागेपुढे ओढून बघ, दोऱ्याला लव सुटली की तो मणी इलॅस्टिकला कापणार. भोक घासायला बारीक टोकाची रीमर मिळते, तिच्यावर हिऱ्याची पूड लावलेली असते. ती पाण्यातच वापरायची, वाटीत पाणी घेऊन मणी बुडवून, म्हणजे मणी तापून तडकत नाही आणि दगडाची धूळ नाकात जात नाही. कोरडं अजिबात करू नकोस.

आणि मैत्रिणीला सांग की ब्रेसलेट ताणून ओढून काढायचं नाही, हातावरून सरकवत गोल गोल गुंडाळल्यासारखं काढायचं. एवढं सगळं करूनही इलॅस्टिक कधीतरी सैल पडणारच, तो त्या वस्तूचा स्वभाव आहे, त्यामुळे देतानाच सांगायचं की सैल वाटलं की आणून दे, परत ओवून देते. असं सांगण्यात कमीपणा वाटून घेऊ नकोस, खऱ्या मोत्यांच्या भारी माळासुद्धा ठरावीक काळाने परत गाठवून घ्याव्याच लागतात.

मोत्यांवरून आत्याची माळ. इथे मात्र थोडं रागावते, शिवणाचा दोरा माळेला वापरायचा नाही! तो कापडात बसण्यासाठी केलेला असतो, टाक्यात तो हलत नाही. माळेत तो दिवसभर हलतो, प्रत्येक मणी त्याच्यावर घासतो, त्याला लव सुटते, घाम लागतो, आणि एक दिवस जातो. मणी आणि दोरा यांचं हे घासणं किती जुनं आहे माहितीये? दक्षिण आफ्रिकेत ब्लॉम्बोस नावाची गुहा आहे, तिथे सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीचे बारीक शंख सापडले, भोकं पाडलेले, आणि ते ओवून अंगावर घालत असत हे ज्या खुणांवरून ओळखलं त्यात एक होती भोकाच्या कडेची झीज, दोरा घासून घासून पडलेली. दोऱ्याने शंख झिजला! मग शंखाने दोऱ्याचं काय केलं असेल ते तूच बघ. तेव्हापासून हे चालूच आहे, आपण फक्त ते कमी कसं होईल एवढं बघायचं.

मोत्यांना रेशमाचा किंवा नायलॉनचा खास ओवायचा दोरा घे, आणि प्रत्येक मोत्यानंतर गाठ मार. हो, प्रत्येक! कंटाळवाणं आहे, पहिल्या माळेला पूर्ण संध्याकाळ जाईल, पण गाठीचा फायदा असा की मोती एकमेकांवर घासत नाहीत (काचेच्या मोत्यावर नुसता चमकीचा थर असतो, तो भोकाजवळच आधी सोलतो) आणि माळ तुटलीच तर एक मोती पडतो, ६० नाही पडत. गाठ मोत्याला चिकटून बसली पाहिजे, मध्ये फट राहिली की दोरा दिसतो आणि माळ गबाळी दिसते. त्याची युक्ती सोपी आहे, गाठ सैल मारायची, गाठीच्या फासात सुई घालायची, सुईने ती सरकवत मोत्यापर्यंत न्यायची, दोरा घट्ट ओढायचा आणि शेवटच्या क्षणी सुई काढून घ्यायची. आधी एका मोत्यावर करून बघ, गाठ भोकात निसटून जात असेल तर दोरा बारीक आहे, एक नंबर जाड घे. सिल्क आधी ताणून घ्यावं लागतं, रात्रभर काहीतरी वजन लावून टांगून ठेव. आणि दोरा सढळ हाताने घे, माळेच्या लांबीच्या तिप्पट-चौपट तरी, कारण गाठी दोरा खातात आणि मध्येच संपला तर सगळं उकलावं लागतं.

दोरा हुकाच्या कडीला जिथे बांधतो तिथे धातू दोऱ्याला घासतो, बऱ्याच माळा तिथेच तुटतात. त्यासाठी फ्रेंच वायर मिळते, एकदम बारीक स्प्रिंगसारखी पोकळ नळी, सेंटिमीटरभर कापायची आणि दोरा तिच्यातून ओवून मग कडीत घालायचा.

दगडाचे, धातूचे, जड मणी असतील तर दोऱ्याच्या नादी लागू नकोस, बीडिंग वायर घे. ही म्हणजे स्टीलच्या केसासारख्या तारा एकत्र पिळून वरून नायलॉनचा थर दिलेली तार. पाकिटावर ७, १९, ४९ असे आकडे असतात, तेवढ्या तारा आत आहेत. ७ वाली कडक असते आणि वाकली की मुडपते, ४९ वाली मऊ पडते, गळ्यावर छान बसते. मी १९ च्या खाली जात नाही. ती बांधायची नसते, क्रिम्प मणी (धातूचा बारीक मऊ मणी, दाबला की तारेला पकडून बसतो) दाबून बसवायची, आणि क्रिम्पची वेगळी पक्कड असते दोन खाचांची, आधी आतल्या खाचेत दाबायचं म्हणजे दोन तारा दोन बाजूला होतात, मग ९० अंश फिरवून बाहेरच्या गोल खाचेत दाबायचं म्हणजे तो घडी पडून गोल होतो. तारेचं टोक लगेच कापू नकोस, दोन-तीन मण्यांतून मागे घाल, नाहीतर मानेला टोचतं. आणि सर एकदम कच्च ओढून क्रिम्प करायचं नाही, १-२ मिलिमीटर ढील ठेव. घट्ट ओढलेली माळ गळ्यावर वळत नाही, उभी राहते, आणि तार प्रत्येक मण्याच्या कडेवर वाकते.

मावशीच्या कानांचं मात्र मनावर घे, कारण बाकीच्या तीन गोष्टी वस्तूच्या आहेत आणि ही अंगाची आहे. बहुतेक करून हुकात निकेल आहे. वरून सोन्याचा मुलामा असतो, तो झिजला की घाम खालच्या धातूपर्यंत पोचतो आणि निकेल सुटून कातडीत जातं. ही ॲलर्जी एकदा झाली की सहसा आयुष्यभर राहते, म्हणून मावशीला "थोडे दिवस घालून बघ, सवय होईल" असं चुकूनही म्हणू नकोस. युरोपात टोचलेल्या भोकात घालायच्या दागिन्यातून दर आठवड्याला चौरस सेंटिमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये असा नियम आहे, एवढ्याशा प्रमाणाची सुद्धा दखल घेतात ते यासाठीच. पाकिटावर नुसतं हायपोॲलर्जेनिक (म्हणजे ॲलर्जीची शक्यता कमी) लिहिलंय म्हणून घेऊ नकोस, धातू कोणता ते विचार आणि धातूचं नाव सांगता येत नसेल तर घेऊच नकोस. मावशीला आता टायटॅनियम किंवा नायोबियमचे हुक घाल. बाकीच्यांना ३१६एल स्टेनलेस स्टील चालतं, त्यात निकेल असतं पण फारच कमी सुटतं, तरी ज्यांना आधीच त्रास झालाय त्यांच्यावर तोही प्रयोग नको. कानातली टाकायची गरज नाही, मणी तसेच ठेव, फक्त हुक बदल. हुकाची कडी दोन पकडींनी धरून एक टोक पुढे एक मागे असं आडवं फिरवून उघडायची, दोन्ही बाजूंना फाकवायची नाही, फाकवलेली कडी परत गोल होत नाही आणि तिथून मोडते. लाली गेली नाही किंवा पाणी यायला लागलं तर मावशीला डॉक्टरकडे पाठव, त्यात माझा सल्ला पुरणार नाही.

सोनेरी मण्यांचं थोडक्यात सांगते. ते काचेचे मणी, वर धातूचा पातळ थर, घाम आणि परफ्यूमने तो उतरला. खाली राखाडी काच होती ती दिसायला लागली. तुझी काहीच चूक नाही, फक्त विकत घेतल्यावर आधी तपासायचं. पाच-सहा मणी ओल्या पांढऱ्या फडक्यावर जोरात घास, दोन-तीन नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये तासभर टाक, आणि थोडे खिडकीत उन्हात ठेव, अर्धे कागदाखाली झाकून, म्हणजे पंधरा दिवसांनी फरक समोर दिसतो. जे टिकले तेच अंगाला लागणाऱ्या वस्तूत. ज्या मण्याची काचच रंगीत आहे तो मणी रंग सोडत नाही, ब्रेसलेटला शक्यतो तसेच घे आणि सोनेरी चमकीचे कानातल्याला ठेव, तिथे घासत नाहीत. एका वस्तूला लागतील तेवढे मणी एकाच वेळी एकाच पाकिटातून काढ, पुढच्या खेपेला तोच नंबर असूनही रंगात फरक पडतो. आणि मापाच्या नंबराचं उलटं असतं हे माहीत असेलच, ११/० म्हणजे साधारण २ मिलिमीटर, ८/० म्हणजे ३, ६/० म्हणजे ४, आकडा मोठा तसा मणी बारीक. विणायचं असेल तर जपानी मणी घे, ते मापाला जास्त एकसारखे असतात.

वहिनीचं बोलणं लागलंय तुला, कळलं मला. तिने डोळ्यांचं म्हटलं ते मात्र ऐक, दिवा बाजूने घे, आणि दर २० मिनिटांनी मान वर करून २० सेकंद लांब कुठेतरी, निदान ६ मीटरवर बघ. मणी ताटात न ठेवता मखमलीसारख्या कापडावर ठेव म्हणजे घरंगळत नाहीत, वाकून वाकून शोधावे लागत नाहीत, आणि घरात लहान मूल असेल तर उठताना प्रत्येक वेळी जमीन बघून उठ. रेडिमेडचं म्हणशील तर वहिनीला एक वस्तू करून दे, तिच्या मापाची, वर सांगितलंय तशी, आणि काही बोलू नकोस.

विकायचं आत्ता नको. बहीण प्रेमाने म्हणतेय पण घाई आहे. आधी सहा वस्तू कर, प्रत्येक स्वतः पंधरा दिवस सलग घाल, भांडी घासताना, झोपताना, सगळं. एक वही कर आणि वस्तूगणिक लिही, कोणता दोरा, कोणती गाठ, कोणता हुक, कोणत्या तारखेला कोणाला दिलं. मी हे फार उशिरा सुरू केलं आणि मधल्या वर्षांत काय का तुटलं ते आता आठवत पण नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. सहा महिन्यांनी वही उघडून बघ, सहाच्या सहा धड असतील तर मग बहिणीशी विकण्याचं बोल.

पण सगळ्यात आधी आत्याची माळ कर, कारण ती सगळ्यात जास्त वाट बघत असणार. ४१ मोती आहेत ना तुझ्याकडे, पुरतात. ४१ गुणिले ६ म्हणजे २४.६ सेंटिमीटर, गाठींचे साधारण ४ धर, साडेअठ्ठावीस-एकोणतीस सेंटिमीटर झाले. ते सगळे पुढे येऊ देत, आणि मागे दोन्ही बाजूंना आठ-आठ सेंटिमीटर साधी चेन जोड, मिळून ४५ होतात, म्हणजे गळ्याच्या हाडाच्या जरा खाली बसेल. त्याआधी एक साधा दोरा घेऊन आत्याकडे जा, तिच्या गळ्यात धर आणि तिला हवी तिथे टाचणी लावून घे.